‘आपला अभिप्राय कळवावा’: थ्री माइल आयलंडच्या आधी लिहिलेल्या पाच कागदांचे प्रकरण

१ नोव्हेंबर १९७७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, लिंचबर्ग येथे काम करणाऱ्या जोसेफ केली नावाच्या अभियंत्याने आपल्या कंपनीतील सात जणांना एक छोटा मेमो लिहिला. कंपनी होती बॅबकॉक अँड विल्कॉक्स. ती अणुभट्ट्यांची रचना करून त्या वीज कंपन्यांना पुरवत असे, आणि त्या भट्ट्या चालवणाऱ्या ऑपरेटरांना प्रशिक्षण व कार्यपद्धतीविषयीच्या सूचनाही देत असे. केलींच्या मेमोत जे लिहिले होते ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. त्यांनी सुचवलेला नियम ग्राहकांकडे वेळेत पोचला असता, तर सुमारे १७ महिन्यांनी, २८ मार्च १९७९ रोजी पहाटे, पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत जो अपघात घडला तो त्या स्वरूपात घडला नसता. मेमो पोचला, वाचला गेला, त्याला एक उत्तरही आले. सूचना मात्र गेली नाही.

कार्यालयीन लेखनाविषयी बोलताना आपण बहुधा शुद्धलेखन, मायना आणि नम्रता यांवर थांबतो. या प्रकरणातील कागदांत यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. लिहिणारे हुशार होते, प्रामाणिक होते आणि त्यांना धोका दिसला होता. तरीही त्यांना दिसलेला धोका वाचणाऱ्याला का दिसला नाही, हे शोधण्यासाठी ते कागद ओळीओळीने वाचावे लागतात. अपघातानंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने हा पत्रव्यवहार तपासला, आणि त्यामुळेच एरवी फायलीत पडून राहिला असता असा हा मजकूर आज आपल्याला अभ्यासता येतो.

आधी त्या यंत्राची तोंडओळख करून घ्यायला हवी, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. या प्रकारच्या भट्टीत इंधनाच्या गाभ्याभोवती फिरणारे पाणी प्रचंड दाबाखाली ठेवलेले असते, म्हणजे ते तापले तरी उकळत नाही. हा दाब सांभाळण्यासाठी प्रेशरायझर नावाची एक उंच टाकी असते. तिच्यात खाली पाणी आणि वर वाफ असते. वरची वाफ उशीसारखे काम करते. टाकीच्या माथ्यावर दाब वाढल्यास उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. भट्टीतले पाणी कुठून गळू लागले आणि दाब घसरला, तर उच्चदाब इंजेक्शनचे पंप आपोआप सुरू होऊन पाणी आत ढकलू लागतात. खुद्द गाभ्यावर किती पाणी आहे हे दाखवणारे मोजमाप त्या काळी ऑपरेटरसमोर नव्हते. प्रेशरायझरमधली पातळी पाहून तो अंदाज करी: टाकी भरलेली, म्हणजे भट्टीही भरलेली. शिवाय प्रशिक्षणात त्याच्या मनावर एक गोष्ट पक्की ठसवलेली असे, की प्रेशरायझर काठोकाठ भरू द्यायचा नाही, कारण वाफेची उशी गेली की दाबावरचा ताबा गेला.

२४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यात टोलेडो शहराजवळ असलेल्या डेव्हिस-बेसी केंद्रात हा अंदाज चुकला. रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पाणी माथ्यावरून निघून जाऊ लागले, दाब घसरला, इंजेक्शनचे पंप सुरू झाले. परंतु गळती माथ्यावरच असल्याने पाणी तिकडे ओढले जात होते आणि दाब उतरल्याने भट्टीत वाफ तयार होऊन ती उरलेल्या पाण्याला वर रेटत होती. त्यामुळे भट्टी रिकामी होत असतानाच प्रेशरायझरची पातळी चढत गेली. ऑपरेटरने शिकवल्याप्रमाणे पंप बंद केले. सुमारे २० मिनिटांनी खरा प्रकार लक्षात आला आणि व्हॉल्व्हची वाट बंद करण्यात आली. भट्टी त्या वेळी अवघ्या ९ टक्के शक्तीवर चालत होती, म्हणून निभावले. केली त्या घटनेच्या चौकशीसाठी तिथे जाऊन आले होते. २३ ऑक्टोबरला त्याच केंद्रात दुसऱ्या एका प्रसंगी ऑपरेटरने इंजेक्शन सुरूच होऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली.

केलींच्या मेमोचा विषय होता: उच्चदाब इंजेक्शन चालवण्याबाबत ग्राहकांना मार्गदर्शन. पहिल्या वाक्याचा आशय असा, की टोलेडो येथील दोन अलीकडच्या घटनांवरून असे दिसते की आपण कदाचित ग्राहकांना या यंत्रणेविषयी पुरेसे मार्गदर्शन देत नाही. पुढच्या परिच्छेदात दोन्ही घटना चार-सहा ओळींत सांगितल्या आहेत: प्रेशरायझरची पातळी सावरू लागल्यावर ऑपरेटरने मुख्य दाबाचा विचार न करता इंजेक्शन थांबवले आणि परिणामी भट्टीतले पाणी उकळत राहिले, ‘इत्यादी’. त्यानंतर केली विचारतात, की यंत्रणा केव्हा बंद करणे सुरक्षित आहे याविषयी ग्राहकांना काही मार्गदर्शन द्यावे का, आणि द्यायचे तर कोणते? मग दोन नियम सुचवतात. नेहमीच्या, नियंत्रित रीतीने केंद्र बंद करण्याचा प्रसंग वगळता इंजेक्शन कधीही अडवू नये, हा पहिला. एकदा सुरू झालेले इंजेक्शन थांबवायचे असेल तर तापमान स्थिर किंवा उतरते, पातळी चढती आणि दाब किमान १६०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) व तोही चढता, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असाव्यात, हा दुसरा. आणि शेवटी, या विषयावर आपले विचार कळवल्यास आभारी राहीन.

हे वाचताना आपल्याकडच्या कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला ओळखीची खूण पटेल. ‘आपला अभिप्राय कळवावा’, ‘उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती’ हीच ती भाषा. पदाने कनिष्ठ असलेला माणूस वरिष्ठांना आणि इतर विभागांच्या प्रमुखांना लिहितो, तेव्हा त्याला कोणाचा अधिकार ओलांडायचा नसतो. म्हणून ‘कदाचित’ येते, आवश्यक असलेली गोष्ट विचारण्याजोगी होते, आणि जिथे ‘हे पाठवा’ म्हणायचे तिथे ‘आपल्याला काय वाटते’ असे म्हटले जाते. हा सौजन्याचा भाग आहे आणि सौजन्य मला महत्त्वाचे वाटते. पण इथे सौजन्याने वाक्याचा प्रकारच बदलला. सूचना असलेले वाक्य प्रश्न झाले. सूचना आली की ती पाळावी किंवा नाकारावी लागते आणि नाकारली तर कारण द्यावे लागते. अभिप्राय मात्र दिला नाही तरी कोणी जाब विचारत नाही.

विषयाची ओळही पाहण्यासारखी आहे. ‘ग्राहकांना मार्गदर्शन’ या शब्दांत गाभा नाही, इंधन नाही, धोका नाही, टोलेडोही नाही. त्या काळात रोज टेबलावर येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात ही ओळ वाचणाऱ्याला हे ग्राहकसेवेचे प्रकरण आहे असे वाटले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. आणि ‘इत्यादी’! पाणी उकळत राहिले तर पुढे काय होते, हेच तर सांगायचे होते. गाभा उघडा पडतो, इंधनाला इजा होते, ही साखळी केलींना इतकी स्वयंस्पष्ट होती की ती लिहिण्याची गरज त्यांना भासली नाही. आपल्याला जे सर्वाधिक ठाऊक असते तेच आपण लिहिण्यात गाळतो, हा अनुभव मला तरी वारंवार आला आहे, आणि त्या एका शब्दापाशी मी दर वेळी थांबतो.

मात्र माझ्या मते या मेमोची सर्वांत मोठी त्रुटी यांपैकी एकही नाही. ती कळते मेमोला आलेल्या एकमेव उत्तरातून. सात जणांच्या यादीतील एकाच्या, डॉन हॉलमन यांच्या न्यूक्लियर सर्व्हिस विभागातील एका अभियंत्याने १० नोव्हेंबरला हाताने लिहून ते पाठवले. प्रशिक्षण देणाऱ्यांशी बोलून तो लिहितो, की टोलेडोचे ऑपरेटर त्यांना शिकवल्याप्रमाणे योग्यच वागले. मग तो आपले गृहीतक उघडपणे मांडतो: गळती झाली तर दाब आणि प्रेशरायझरची पातळी एकाच दिशेने जातात. शेवटी तो विचारतो, की भट्टी काठोकाठ भरू द्यायची असेल तर तिच्या भांड्यावर येणाऱ्या ताणाचे काय, आणि व्हॉल्व्ह वाफेऐवजी पाणी पुरेशा वेगाने बाहेर सोडू शकतील का?

दाब आणि पातळी एकाच दिशेने जातात हे गृहीतक टोलेडोच्या घटनेने खोटे ठरवले होते. केलींनी हातात कागद घेतला तो त्यासाठीच. पण मेमो पुन्हा वाचून पाहिला तर त्यात ‘टोलेडोला दाब घसरत असताना पातळी चढत होती’ असे सरळ वाक्य कुठेही नाही. ‘मुख्य दाबाचा विचार न करता’ या पाच शब्दांत ते दडलेले आहे, आणि ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते तिथे सापडते. वाचणाऱ्याच्या डोक्यात जी समजूत ठाण मांडून बसली होती, तिच्याशी मेमो भिडलाच नाही. त्यामुळे नियम वाचूनही त्याला ते अनावश्यक, किंबहुना अपायकारक वाटले. नवी सूचना देण्याआधी जुनी समजूत कोणती आणि ती कोणत्या पुराव्याने मोडली, हे सांगितले नाही, तर वाचणारा नव्या सूचनेला जुन्या समजुतीच्या मापाने मोजतो. हे उत्तर आल्यावर केलींना त्यांच्या वाचकाचे मन एका कागदावर आयते मिळाले होते. त्या गृहीतकाला उद्देशून चार ओळींचे प्रत्युत्तर गेले असते तर प्रश्न तिथेच मिटण्याची शक्यता होती. उरलेल्या सहा जणांनी काहीच कळवले नाही. सात नावांच्या यादीत प्रत्येकाला इतर सहा नावे दिसतात, आणि ज्याला उत्तर देणे भाग आहे असा माणूस त्यांतला कोण, हे मेमोत कुठेच लिहिलेले नव्हते.

त्या सात नावांत बर्ट डन होते. आपत्कालीन शीतकरण यंत्रणेचे विश्लेषण करणाऱ्या विभागाचे ते प्रमुख. केलींचे काम पुढे सरकत नाही हे पाहून ९ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांनी परवाना विभागाच्या व्यवस्थापकांना स्वतंत्र मेमो लिहिला. योगायोग असा, की थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीला चालवण्याचा परवाना आदल्याच दिवशी, ८ फेब्रुवारीला मिळाला होता.

डन यांचा मेमो चांगला आहे, आणि हे मी आवर्जून लिहितो, कारण या प्रकरणाची चर्चा करताना सगळेच कागद एका मापाने मोजले जातात. विषयाच्या ओळीतच मुद्दा आहे: ऑपरेटरकडून उच्चदाब इंजेक्शन मध्येच थांबवले जाणे. पहिल्याच वाक्यात ‘गंभीर चिंता’ हे शब्द आहेत. टोलेडोच्या वेळी प्रेशरायझर भरलेला दिसत असूनही पाणी सतत कमी होत होते, हे केलींच्या मेमोत नसलेले वाक्य इथे आहे. टोलेडोची भट्टी अत्यल्प शक्तीवर होती हे सुदैव. हीच घटना पूर्ण शक्तीवर चालणाऱ्या भट्टीत घडली असती, तर गाभा उघडा पडून इंधनाला इजा होणे शक्य, कदाचित संभाव्य होते, असे ते स्पष्ट लिहितात. शेवटी, ही बाब अतिशय गंभीर असून तिच्याकडे त्वरित लक्ष देऊन दुरुस्ती व्हावी. थ्री माइल आयलंडला जे घडले त्याचे हे तेरा महिने आधी केलेले वर्णनच म्हणावे लागेल.

एवढे असूनही सूचना गेली नाही, त्याची कारणे मला दोन दिसतात. डन यांनी ज्यांना लिहिले ते परवान्यांचे काम पाहत. ग्राहकांना कार्यपद्धतीची सूचना पाठवणे हे न्यूक्लियर सर्व्हिसचे काम होते. म्हणजे मागणी अशा टेबलावर पडली, जिथून ती पुन्हा दुसऱ्या टेबलावर पाठवावी लागणार होती. ‘दुरुस्ती व्हावी’ या क्रियापदाला कर्ता नाही. मराठी कार्यालयीन भाषेत तर अशी कर्ताहीन क्रियापदे पावलोपावली सापडतात: करण्यात यावे, कळवण्यात येईल, दक्षता घेण्यात यावी. वाक्य व्याकरणाने पूर्ण होते आणि काम कोणाच्याच नावावर चढत नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. सातच दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, डन यांनी त्याच व्यवस्थापकांना दुसरा मेमो लिहिला. क्षेत्रसेवेच्या लोकांशी बोलणे झाले होते, त्यांनी नियमात थोडा बदल सुचवला होता, तो अमलात आणायला सोपा होता आणि डन यांना मान्य होता. म्हणून पहिल्या मेमोतील पद्धतीऐवजी ही पद्धत घ्यावी, असे त्यांनी कळवले. हा मेमो शांत आहे. त्यात गाभा उघडा पडण्याचा उल्लेख नाही, घाई नाही. पहिला मेमो ज्याने वाचला नाही त्याला यातून तपशिलातली एक दुरुस्ती एवढेच कळेल. आणि ज्याने वाचला आहे त्याला वाटेल की संबंधितांचे एकमत झाले, आता सूचना जाणारच. डन यांचीही तशीच समजूत झाली. वस्तुतः एकमत नियमाच्या शब्दांवर झाले होते. सूचना अमुक माणूस अमुक तारखेला पाठवील, हे कोणी लिहिले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते.

मग सहा महिने शांतता. ३ ऑगस्ट १९७८ रोजी हॉलमन यांनी प्लँट इंटिग्रेशन विभागाच्या व्यवस्थापकांना मेमो लिहिला. केली याच विभागात होते, आणि हे व्यवस्थापकही केलींच्या मूळ यादीत होते. म्हणजे प्रश्न फिरून जिथून निघाला तिथेच आला. सोबत डन यांचे दोन्ही मेमो संदर्भ म्हणून जोडलेले होते. मेमोची बांधणी अशी आहे. सुरुवात: सोबतचे संदर्भ इंजेक्शनविषयीच्या आपल्या धोरणात बदल सुचवतात. मग त्या बदलाचे सार: पाण्याचे तापमान त्या दाबाला असलेल्या उत्कलनबिंदूपेक्षा ५० अंश फॅरेनहाइटने खाली आहे हे कळेपर्यंत पंप चालू ठेवावेत. मग न्यूक्लियर सर्व्हिसची शंका: यामुळे प्रेशरायझर काठोकाठ भरेल. मग ठळकपणे क्रमांक देऊन दोन प्रश्न: दाब एकदम उसळून यंत्रणेला इजा होईल का, आणि व्हॉल्व्हमधून पाणी सुटल्यास पुढच्या नळांना व टाकीला काय इजा होईल? त्यानंतर खालच्या परिच्छेदात दोन वाक्ये येतात. पहिले, या शंकांमुळे आम्ही अद्याप आपल्या चालू केंद्रांना कळवलेले नाही. दुसरे, तथापि सध्याचेच धोरण चालू ठेवल्यास गाभा उघडा पडण्याची शक्यता संदर्भांत सुचवली आहे. आणि शेवटी, इंटिग्रेशनने प्रश्न सोडवावा, लागेल ती मदत करू.

मी हा कागद पुष्कळदा वाचला आहे आणि दर वेळी त्या ‘तथापि’पाशी मन अडते. एका पारड्यात नळ आणि टाकी, दुसऱ्यात अणुभट्टीचा गाभा. पहिल्याला क्रमांक, स्वतंत्र ओळी आणि प्रश्नचिन्हे मिळाली. दुसऱ्याला परिच्छेदाच्या पोटातले एक वाक्य, तेही ‘संदर्भांत सुचवली आहे’ अशा दुसऱ्याच्या तोंडून. वाचकाची नजर पानावर जिथे मोकळी जागा आणि आकडे दिसतात तिथे आधी जाते. हॉलमन यांना आशयाचा समतोल साधायचा असेल, पण पानाच्या मांडणीने तो बिघडवला. ज्यांच्या नावे हा मेमो होता त्यांनी तो नेहमीच्या कामांतला एक समजून हाताखालच्या माणसांकडे सोपवला. लेखी उत्तर कधी गेले नाही.

‘अद्याप कळवलेले नाही’ हे वाक्य तर मेमोचे पहिले वाक्य व्हायला हवे होते. फेब्रुवारीपासून डन समजत होते की सूचना गेली. ती गेली नव्हती ही बातमी ऑगस्टच्या एका मेमोच्या शेवटच्या भागात लिहिली गेली. एखाद्या ईमेलच्या साखळीत जेव्हा चौथ्या-पाचव्या उत्तरात कोणीतरी सहज लिहितो की ‘ते काम आमच्याकडून व्हायचे राहिले आहे’, तेव्हा तिथेही हेच घडत असते: परिस्थिती बदलवणारी माहिती पार्श्वभूमीच्या रांगेत उभी केली जाते, आणि जुनी विषयओळ ‘उत्तर’ या शब्दासह तशीच पुढे धावत राहते.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे ४ वाजता थ्री माइल आयलंडची दुसरी भट्टी ९७ टक्के शक्तीवर चालत असताना, वाफ तयार करणाऱ्या भागाला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. दाब वाढला, रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच राहिला. नियंत्रण कक्षातला दिवा व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश गेला एवढेच सांगत होता. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही हे सांगत नव्हता. इंजेक्शनचे पंप आपोआप सुरू झाले. प्रेशरायझरची पातळी चढू लागली. पाच मिनिटांच्या आत ऑपरेटरांनी, त्यांना शिकवल्याप्रमाणे, इंजेक्शन जवळजवळ थांबवले. व्हॉल्व्हची वाट बंद झाली ती सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी. तोवर गाभा उघडा पडला होता. त्याचा जवळपास निम्मा भाग वितळला होता हे बऱ्याच वर्षांनी, आत कॅमेरे सोडल्यावर समजले. सस्क्वेहाना नदीतील त्या बेटाभोवतीच्या पाच मैलांतील गर्भवती स्त्रिया व लहान मुलांना दोन दिवसांनी तिथून हलण्याचा सल्ला देण्यात आला.

आता एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे: दोष लेखनाचा की संस्थेचा? ज्या कंपनीत सुरक्षेचा प्रश्न तीन विभागांमध्ये फिरत राहतो, तिथे उत्तम मेमोही अडला असता. केमेनी आयोगानेही ऑक्टोबर १९७९ मधील अहवालात भर दिला तो माणसांवर, संस्थांवर आणि त्यांच्या वृत्तीवर. मला हे मान्य आहे. तरीसुद्धा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात असे मला वाटत नाही. संस्थेत प्रश्न कोणाच्या मालकीचा आहे हे ठरलेले नव्हते, आणि पाचही कागदांनी ते ठरवण्याची संधी न घेता तो प्रश्न आहे तसा पुढे सरकवला. ज्या कार्यालयात अधिकाराच्या सीमा धूसर असतात तिथेच लिहिणाऱ्याने नाव, काम आणि तारीख लिहिणे अधिक गरजेचे ठरते, कारण तिथे ते दुसरे कोणी ठरवून देणार नसते.

केलींचा मेमो त्यांना त्या दिवशी ठाऊक असलेल्या माहितीवरच, नंतरचे काहीही न वापरता, कसा लिहिता आला असता हे मी मराठीत करून पाहिले आहे. प्रति म्हणून एकच नाव, ग्राहकांना सूचना पाठवणाऱ्या विभागप्रमुखांचे. इतर सहा जण माहितीसाठी प्रत घेणारे.

विषय: टोलेडो: भट्टीतले पाणी कमी होत असताना ऑपरेटरने इंजेक्शन बंद केले. सर्व ग्राहकांना सूचना पाठवण्याबाबत.

‘आपल्या सध्याच्या प्रशिक्षणानुसार वागल्यास ऑपरेटर गळती चालू असताना इंजेक्शन बंद करतो, हे २४ सप्टेंबर रोजी टोलेडो येथे दिसून आले. भट्टी पूर्ण शक्तीवर असती तर गाभा उघडा पडण्याचा धोका होता. खालील दोन नियम सर्व ग्राहकांना १५ नोव्हेंबरपर्यंत पाठवावेत, अशी माझी शिफारस आहे.

गळतीत दाब आणि प्रेशरायझरची पातळी एकाच दिशेने जातात असे आपण शिकवतो. टोलेडोला व्हॉल्व्ह उघडा अडकल्यावर दाब घसरत होता आणि पातळी चढत होती. दोन्हींचे आलेख सोबत जोडले आहेत. कृपया तेवढे तरी आजच पाहावेत.

या नियमांमुळे प्रेशरायझर काठोकाठ भरण्याची शंका येऊ शकते. तिचे विश्लेषण आवश्यक असल्यास श्री. डन यांच्या विभागाने ते करावे, अशी विनंती मी त्यांना करत आहे. ते होईपर्यंत सूचना रोखू नये, असे माझे मत आहे.

सूचना पाठवायची नसल्यास त्याचे कारण मला ८ नोव्हेंबरपर्यंत कळवावे. त्या दिवशी मी आपल्याला स्वतः भेटेन.’

हा मसुदा मूळ मेमोपेक्षा उद्धट नाही. ‘माझी शिफारस’, ‘माझे मत’, ‘विनंती’ हे शब्द त्यात आहेत, अधिकार वरिष्ठांचाच ठेवलेला आहे. बदलले ते एवढेच, की गप्प राहणे हाही आता एक निर्णय ठरतो आणि तो घेणाऱ्याचे नाव कागदावर आहे. शेवटच्या वाक्याला मी मसुद्यातले सर्वांत मोलाचे वाक्य मानतो. मेमो किंवा ईमेल पाठवला की काम झाले अशी भावना लिहिणाऱ्याच्या मनात फार लवकर येते. भेटीची तारीख लिहिली की ते काम त्याच्याही टेबलावर उघडे राहते. आलेखांविषयीची विनंतीही मुद्दाम ठेवली आहे. दोन रेषा एकमेकींपासून दूर जाताना दिसल्या असत्या, तर हाताने उत्तर लिहिणाऱ्या त्या अभियंत्याला आपले गृहीतक त्याच जागी पुसावे लागले असते.

अपघातानंतर सूचना निघायला दिवस लागले, महिने नाहीत. एप्रिल १९७९ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने या बनावटीच्या भट्ट्या चालवणाऱ्या कंपन्यांना जे परिपत्रक पाठवले, त्यात इंजेक्शन केव्हा थांबवता येईल याचा नियम होता: केवळ प्रेशरायझरच्या पातळीवर विसंबू नये, आणि पाण्याचे तापमान त्या दाबाच्या उत्कलनबिंदूपेक्षा किमान ५० अंश फॅरेनहाइटने खाली असावे. हॉलमन यांच्या मेमोच्या पहिल्या परिच्छेदात हाच आकडा आहे.